मराठीची पदवी समुद्रापार : एक भूमिका आणि काही अटी

विद्यापीठीय पदवी-अभ्यासक्रम ऑनलाइन माध्यमातून जगभरातील विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवावेत, हा विचार आता नवा राहिलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० साली मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणासंबंधी जे विनियम जारी केले, त्यांनी या विचाराला रीतसर अधिष्ठान दिले. टपालाने आणि अभ्यासकेंद्रांतून चालणाऱ्या दूरस्थ शिक्षणाला विद्यापीठाच्या कार्यक्षेत्राची सीमा असते. ऑनलाइन अभ्यासक्रमाला तशी भौगोलिक सीमा नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून ‘मराठी जगभर न्यावी’ ही अपेक्षा अधिक मोठ्याने व्यक्त होऊ लागली आहे. मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमापुरता या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आरंभीच भूमिका स्पष्ट करते. मराठीची एम.ए. पदवी समुद्रापार जावी, या मताची मी आहे. मात्र आज आपण जे पाठवण्याच्या तयारीत आहोत, म्हणजे ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यान, छापील टिपणांची पडद्यावरील आवृत्ती आणि शेवटी एक परीक्षा, ते पाठवण्याजोगे नाही. त्याने पदवी पोहोचेल. मराठी साहित्याचा अभ्यास पोहोचेलच असे नाही. हा भेद का करावा लागतो, हे पाहण्यासाठी थोडे मागे जाणे आवश्यक आहे.

१

वर्गावाचून पदवी ही कल्पना संगणकाने आणली, असा एक समज आढळतो. वस्तुतः आपल्या विद्यापीठांचा जन्मच त्या कल्पनेच्या सावलीत झाला आहे. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर झाली. लंडन विद्यापीठ हे तेव्हा शिकवणारे विद्यापीठ नव्हते. ते परीक्षा घेणारे आणि पदव्या देणारे मंडळ होते. १८५८ साली तर त्याने कोणत्याही संलग्न महाविद्यालयात न शिकलेल्यांसाठीही आपल्या परीक्षा खुल्या केल्या. मुंबई विद्यापीठाचे आरंभीचे कार्यही संलग्नता देणे, अभ्यासक्रम आखणे आणि परीक्षा घेणे एवढेच होते. विद्यापीठाने स्वतः शिकवावे, हा विचार १९०४ च्या कायद्याने मान्य केला आणि तो प्रत्यक्षात उतरायला पुढे बराच काळ गेला.

या परीक्षाप्रधान व्यवस्थेत मराठीचे काय झाले, हे आपल्या अभ्यासविषयाच्या इतिहासातील एक बोलके प्रकरण आहे. १८६० च्या दशकात संस्कृत, लॅटिन यांसारख्या अभिजात भाषांना प्राधान्य देऊन देशी भाषांना उच्च परीक्षांतून बाहेर काढण्यात आले. न्यायमूर्ती रानडे यांनी मराठीला विद्यापीठात पुन्हा स्थान मिळावे म्हणून दीर्घकाळ प्रयत्न केले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी एम.ए.च्या स्तरावर तिला प्रवेश मिळाला. अभिजात भाषांसाठी जिला जागा सोडावी लागली, ती मराठी आज स्वतः अभिजात ठरली आहे. या योगायोगाचा आनंद अवश्य मानावा. पण मराठीला विद्यापीठात यायला उशीर झाला तो तिच्यात साहित्य नव्हते म्हणून नव्हे, तर परीक्षेची चौकट आधी ठरली आणि भाषेला त्या चौकटीत जागा शोधावी लागली म्हणून, हेही लक्षात ठेवावे.

टपालाद्वारे शिक्षणाचा प्रयोग आपल्याकडे दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली आणि मुंबई विद्यापीठाने १९७१ साली सुरू केला. १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. या संस्थांकडे नाक मुरडून पाहण्याची एक सवय प्राध्यापकवर्गात आहे. ती मला मान्य नाही. दिवसा नोकरी करणारे कारकून व शिपाई, लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या स्त्रिया, महाविद्यालय नसलेल्या गावांतील शिक्षक यांना पदवीचे दार कोणी उघडले असेल तर ते या व्यवस्थेने. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे नाशिकच्या विद्यापीठाचे ब्रीद असंख्य घरांत खरे ठरले आहे. आक्षेप घ्यायचा तो दूरत्वावर नव्हे. दूरत्वाच्या निमित्ताने विद्यापीठ आपल्या मूळच्या सवयीकडे, म्हणजे न शिकवता परीक्षा घेण्याकडे, वळते. आक्षेप त्यावर आहे. ऑनलाइन माध्यमाने ही सवय मोडण्याची संधी दिली आहे. टपालाने उत्तर यायला पंधरवडा लागे. येथे ते तत्क्षणी येऊ शकते. ती संधी न घेता आपण केवळ टपालखर्च वाचवणार असू, तर या माध्यमाचा उपयोग तो काय?

२

जगभरातील विद्यार्थी हा शब्दप्रयोग आपण फार सैलपणे वापरतो. मराठीच्या बाबतीत हे जग नेमके कोणते, हे पाहायला हवे. आमच्या पनवेलमध्ये बेने इस्रायल समाजाचे बेथ एल हे एकोणिसाव्या शतकातील प्रार्थनामंदिर आहे. कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या रायगडच्या, किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेला, तेलाचा व्यवसाय करणारा आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारा म्हणून ‘शनवार तेली’ या नावाने ओळखला गेलेला हा समाज मराठी बोलत होता. त्याने मराठीत कीर्तने रचली, मराठीत धर्मग्रंथ छापले. १९४८ नंतर त्यातील बहुसंख्य लोक टप्प्याटप्प्याने इस्रायलला गेले आणि तेथूनही ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघाले. या घरांतील तिसऱ्या-चौथ्या पिढीची घरची भाषा हिब्रू आहे. पण आजीच्या वहीतील कीर्तन वाचता यावे, अशी इच्छा असणारा तरुण तेथे असू शकतो.

दुसरे जग मॉरिशसचे. एकोणिसाव्या शतकात करारबद्ध मजूर म्हणून कोकणातून गेलेल्या कुटुंबांच्या वंशजांनी तेथे मराठीचे शिक्षण टिकवले आहे. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठीचे अध्यापन होते. १९८९ साली कुसुमाग्रजांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत भरलेल्या पहिल्या जागतिक मराठी परिषदेनंतरची दुसरी परिषद १९९१ साली मॉरिशसमध्येच भरली होती. तेथील मराठी शिक्षकाच्या घरी बहुधा क्रिओल बोलली जाते. मराठी त्याला वारशाने मिळते, पण शिकावी लागते.

तिसरे जग उत्तर अमेरिकेचे. तेथील महाराष्ट्र मंडळांच्या मराठी शाळांत रविवारी शिकवणाऱ्या पालकांपैकी अनेक जण व्यवसायाने अभियंते आहेत. मराठी साहित्याचा पद्धतशीर अभ्यास करण्याची संधी त्यांना मिळालेली नसते. चौथे जग आखाती देशांचे. पनवेल, उरण, महाड, श्रीवर्धन या तालुक्यांतील कितीतरी घरांचा एक पाय तेथे आहे.

या चारही जगांतील विद्यार्थ्यांची मराठी एकसारखी नाही आणि त्यांची गरजही एक नाही. एकाला लिपी येते पण उच्चार येत नाही. दुसऱ्याला बोलता येते पण वाचता येत नाही. तिसऱ्याला दोन्ही येते, परंतु ज्ञानेश्वरी त्याने केवळ देव्हाऱ्यात पाहिलेली असते. या सर्वांना एकच मुद्रित व्याख्यान ऐकवणे म्हणजे त्यांच्यापैकी कोणालाही न शिकवणे होय. एक साधे उदाहरण देते. ‘चार’ या संख्यावाचकातील च आणि ‘चारा’ या शब्दातील च यांचा उच्चार मराठीत भिन्न आहे, पण देवनागरी तो भेद दाखवत नाही. इथला विद्यार्थी तो कानाने जाणतो. लिपीवरून मराठी शिकलेल्या विद्यार्थ्याला कोणीतरी तो ऐकवावा लागतो, त्याच्याकडून म्हणवून घ्यावा लागतो आणि चुकल्यास थांबवावा लागतो. मुद्रित व्याख्यान ऐकवू शकते; थांबवू शकत नाही.

३

येथे एक अनुभव नमूद करणे उचित होईल. २०२० च्या टाळेबंदीत आमचा एम.ए.चा वर्ग पडद्यावर गेला. विद्यार्थी सात होते. त्यांतील एक उरण परिसरातून भ्रमणध्वनीवर वर्ग करी आणि आवाज तुटू लागला की गच्चीवर जाई. काही वर्षांपूर्वीची एक विद्यार्थिनी विवाहानंतर मस्कतला गेली होती. तिने विचारले, ‘मॅडम, मी नुसती ऐकायला बसू का?’ नियमात ते बसत होते की नाही, याची चौकशी मी केली नाही.

आम्ही लीळाचरित्र वाचत होतो. त्यात ‘बिढार’ हा शब्द पुनःपुन्हा येतो. टिपणांत मी अनेक वर्षे त्याचा अर्थ ‘निवासस्थान, मुक्कामाची जागा’ असा देत आले होते आणि विद्यार्थीही परीक्षेत तसाच लिहीत आले होते. त्या दिवशी मस्कतची विद्यार्थिनी म्हणाली, ‘म्हणजे आपले बिऱ्हाडच ना? पण बिऱ्हाड म्हणजे घर नव्हे. इथे आम्ही सगळे बिऱ्हाडकरूच आहोत. सामान मांडतानाच ते कधीतरी बांधायचे आहे, हे ठाऊक असते.’ आणि तिने विंचवाच्या पाठीवरच्या बिऱ्हाडाची म्हण सांगितली. त्यावर वर्गातला एक आगरी विद्यार्थी प्रथमच बोलला. विमानतळासाठी जी दहा गावे हलवण्यात आली, त्यांतल्या एका गावचा तो. ‘आमचा गाव उठला,’ तो म्हणाला. नव्या वसाहतीतील पक्क्या, स्वतःच्या नावावर असलेल्या घरालाही त्याची आजी बिऱ्हाडच म्हणते, असे त्याने सांगितले. म्हणजे घर भाड्याचे की मालकीचे, यावर बिऱ्हाड ठरत नाही. ज्या जागेशी आपले नाते अद्याप जुळलेले नाही, ती जागा बिऱ्हाड होते.

चक्रधरांच्या आचारधर्मात अटनाला, म्हणजे एका जागी न गुंतता फिरत राहण्याला, जे मूल्य आहे, ते मी आजवर तत्त्वज्ञानाच्या तासाला स्वतंत्रपणे शिकवत असे. बिढार या साध्या शब्दात तेच मूल्य घरगुती रूपाने वावरते आहे, ही गोष्ट त्या दोघांमुळे माझ्या ध्यानात आली. एकाने स्वखुशीने गाव सोडले होते, दुसऱ्याचे गाव सुटले होते आणि मजकूर तेराव्या शतकातला होता. या तिघांची गाठ एरवी कुठे पडली असती? पनवेलच्या वर्गखोलीत मस्कतची विद्यार्थिनी नसती. केवळ परदेशस्थांसाठी काढलेल्या वर्गात ‘आमचा गाव उठला’ म्हणणारा मुलगा नसता.

या एका तासाने सिद्धान्त सिद्ध होतो, असा माझा दावा नाही. त्याच वर्षी कितीतरी तास काळ्या चौकटींशी बोलण्यात गेले आणि कोण ऐकत आहे, कोण स्वयंपाक करीत आहे, हे मला कळले नाही. पण माध्यम निर्दोष नसले तरी त्यातून काय शक्य आहे, हे त्या तासाने दाखवले. साहित्याचा वर्ग म्हणजे माहितीचे वितरण नव्हे. निरनिराळ्या आयुष्यांतून आलेल्या माणसांनी एका मजकुरासमोर एकत्र बसणे होय. ऑनलाइन माध्यम ही बैठक मोडूही शकते आणि पूर्वी कधी नव्हती इतकी विस्तारूही शकते. यांपैकी काय घडेल ते यंत्रावर अवलंबून नाही. अभ्यासक्रम कसा आखला जातो, त्यावर अवलंबून आहे.

४

म्हणून काही अटी सुचवाव्याशा वाटतात. पहिली अट सहवाचनाची. २०२० च्या विनियमांत ऑनलाइन अभ्यासक्रमाचे चार भाग सांगितले आहेत : दृक्-श्राव्य पाठ, वाचनसामग्री, चर्चा आणि स्वयंमूल्यमापन. साहित्याच्या अभ्यासक्रमात यांतील चर्चा हा भाग मध्यवर्ती मानावा. प्रत्येक अभ्यासपत्रिकेसाठी आठवड्याला किमान एक प्रत्यक्ष वेळेतील वाचनतास असावा, गटात वीस-पंचवीसांहून अधिक विद्यार्थी नसावेत आणि त्या तासाला मजकूर मोठ्याने वाचला जावा. वेळेची अडचण सांगितली जाईल. पण पनवेलला सायंकाळचे सात वाजतात तेव्हा मॉरिशसला साडेपाच, इस्रायलला साडेतीन किंवा साडेचार आणि न्यू जर्सीला सकाळचे साडेआठ किंवा साडेनऊ वाजलेले असतात. सप्ताहान्ताला ही वेळ अशक्य नाही.

दुसरी अट अशी की, परदेशस्थ विद्यार्थ्यांचा वर्ग वेगळा करू नये. शुल्क वेगळे असो, वर्ग एकच असावा. कर्जत-खालापूरचा विद्यार्थी आणि दिमोना किंवा मोका येथील विद्यार्थी एकाच गटात वाचतील, तरच या उपक्रमाला शैक्षणिक अर्थ आहे. अन्यथा तो केवळ निर्यातीचा व्यवहार होईल.

तिसरी अट मूल्यमापनाची. ‘सविस्तर चर्चा करा’ या धर्तीचे प्रश्न घरबसल्या परीक्षेत, आणि आता तर यंत्रच निबंध लिहून देत असताना, निरर्थक झाले आहेत. अपरिचित उताऱ्याचे मौखिक वाचन व विवेचन आणि क्षेत्रीय प्रकल्प यांना निम्म्याहून अधिक गुण असावेत. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातील, वस्तीतील मराठीचा एक दस्तऐवज तयार करावा : आजीची ओवी, कीर्तनाची वही, आखातातून आलेली पत्रे, आगरी धवलगीते. म्हाइंभटांनी लीळा जमवल्या त्या ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांच्याकडे जाऊन, विचारून, पडताळून. क्षेत्रीय अभ्यासाची ही परंपरा मराठी गद्याच्या आरंभाशीच आहे. ती परदेशातून मागवावी लागत नाही.

चौथी अट ग्रंथांची. समुद्रापारच्या विद्यार्थ्याला पदवी देऊ पाहणाऱ्या विद्यापीठाने त्याला ग्रंथालयही दिले पाहिजे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती मुंबईत १८५७ साली, विद्यापीठाच्या स्थापनावर्षीच, निघाली. आज तो कोश जगातील कोणालाही घरबसल्या पाहता येतो, तो शिकागो विद्यापीठाने संगणकावर उपलब्ध करून दिल्यामुळे. मराठी विश्वकोश महाजालावर आला, ही समाधानाची बाब आहे. परंतु स्वामित्वहक्काची मुदत संपलेले अभ्यासग्रंथ, जुनी नियतकालिके आणि आपल्याच विभागांतील प्रबंध विद्यार्थ्याला शोधता येतील अशा रीतीने एकत्र केव्हा येणार? महानुभाव ग्रंथ कित्येक शतके सांकेतिक लिप्यांत बंदिस्त होते. राजवाडे, भावे प्रभृतींच्या परिश्रमाने ते अभ्यासकांसमोर आले. आपल्या कपाटांतील प्रबंधांना कोणतीही गुप्त लिपी नाही, तरीही ते तितकेच बंदिस्त आहेत.

पाचवी अट शिक्षकांची असून तिच्याविषयी बोलणे अवघड जाते, कारण त्यात स्वार्थ दिसतो. एकाने व्याख्यान मुद्रित करावे आणि ते सहस्रावधींनी पाहावे, हा हिशेब प्रशासनाला मोहात पाडणारा आहे. लहान महाविद्यालयांत मराठीची पदे निवृत्तीनंतर रिकामी राहतात, तासिका तत्त्वावरील तरुण अध्यापक वर्षानुवर्षे त्याच आशेवर शिकवतात, आणि ‘अभ्यासक्रम आता ऑनलाइन उपलब्ध आहे’ हे वाक्य पद न भरण्याचे सोयीस्कर कारण होऊ शकते. म्हणून परदेशस्थांच्या शुल्कातून येणारे उत्पन्न प्रथम सहवाचनाचे गट चालवणाऱ्या अध्यापकांच्या नेमणुकीसाठी वापरावे, असे अभ्यासक्रमाच्या मान्यतेतच नमूद असावे. ज्या प्रमाणात विद्यार्थी वाढतील, त्या प्रमाणात अध्यापक वाढले पाहिजेत. हे मान्य नसेल, तर जगभर जाण्याची घाई करू नये.

यावर असे म्हटले जाईल की, इतक्या अटी घातल्या तर अभ्यासक्रम महाग होईल, विद्यार्थिसंख्या मर्यादित राहील आणि ज्यांना आज काहीच मिळत नाही त्यांना उद्याही काही मिळणार नाही. हा आक्षेप गंभीर आहे. यासाठी मुक्त स्वरूपाचे, पदवीविना ऐकता येतील असे पाठ सर्वांना विनामूल्य द्यावेत. २०१७ साली सुरू झालेल्या ‘स्वयम्’ने त्याचा मार्ग दाखवला आहे. मात्र पदवी ही वेगळी बाब आहे. ‘या व्यक्तीने आमच्याबरोबर मराठी साहित्य वाचले आहे’ अशी ती विद्यापीठाची ग्वाही असते. ज्याच्याबरोबर आपण एक पानही वाचले नाही, त्याच्याविषयी अशी ग्वाही कोणत्या आधारावर द्यावी?

लीळाचरित्र ज्या रिद्धपुराशी जोडलेले आहे, तेथे आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. माझ्या महाविद्यालयापासून काही अंतरावर, उठलेल्या गावांच्या जागी, ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. येथून यापुढे कितीतरी मराठी मुले परदेशी जातील आणि त्यांतील काहींना, दहा-पंधरा वर्षांनी का होईना, आपल्या भाषेकडे वळावेसे वाटेल. ती वळतील तेव्हा त्यांच्यासमोर मुद्रित व्याख्यानांची यादी असेल की नाव घेऊन ‘पुढचा परिच्छेद तुम्ही वाचा’ असे म्हणणारा कोणी असेल, हे आज मराठीच्या अभ्यासमंडळांत बसणाऱ्या आपणा सर्वांना ठरवायचे आहे. त्या वर्षी नियमांची चौकशी न करता ज्या विद्यार्थिनीला मी वर्गात बसू दिले, तिला तिच्या वाचनाची कोणतीही पदवी मिळाली नाही. तिच्यासारखीला ती रीतसर मिळेल, असा अभ्यासक्रम आपण तयार करावा, एवढीच या लेखामागील अपेक्षा आहे.